नंबर चुकला नव्हता, ताई

वाचक भगिनीचं पत्र:

"माझं वय ६२. प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवून निवृत्त झाले, देवरुखजवळ राहते. गेल्या १४ महिन्यांत उजव्या डोळ्याचा चष्मा तीनदा बदलला. दर वेळी सिलिंडरचा नंबर वाढतोच आहे. तिसरा चष्मा घातला की जमीन एका बाजूला कललेली वाटते, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. चष्मेवाल्याकडे तक्रार केली तर म्हणाला, 'बाई, तुम्हीच तपासताना नीट सांगत नाही.' दुपारी बरं असतं, दिवेलागणीला त्रास वाढतो. गेल्या संकष्टीला चंद्र पाहिला तर उजव्या डोळ्याला तीन दिसले. नातू हसला, मला मात्र रात्रभर झोप नाही. शहरातल्या एका हॉस्पिटलात दाखवलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले आणि काउंटरवर टोरिक लेन्सचं एस्टिमेट हातात दिलं. साध्या लेन्सपेक्षा २५ हजार जास्त. मुलगा पुण्याहून म्हणतो, लेझरने नंबरच काढून टाकू. जाऊबाई म्हणतात, मोतीबिंदू पिकू दे, तोवर मधाचे थेंब घाल. साखर आहे, पण आटोक्यात. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.८ आली. सगळ्या कागदांचे फोटो पाठवते आहे. चूक कोणाची, आणि मी काय करू?"

ताई,

डोळ्यांची डॉक्टर म्हणून आधी त्या तीन चंद्रांचं बोलते, कारण झोप त्यांनी उडवली आहे. तुम्ही 'उजव्या डोळ्याला' असं लिहिलंत, ते फार बरं केलंत. येत्या संकष्टीला एवढंच पुन्हा करून बघा: डावा डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि एकट्या उजव्याने चंद्र पाहा. तरीही तीन दिसले, तर ते तीन चंद्र त्या डोळ्याच्या आत तयार होत आहेत. मेंदूचा किंवा नसांचा त्यात संबंध नाही. मग उजवा झाकून डाव्याने पाहा. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसतात आणि कुठलाही एक झाकला की लगेच एकच दिसतो, असं कधी झालं तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या असतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही.

आता तुमचे कागद. मी ते टेबलावर एकाशेजारी एक मांडले. पहिल्या चष्म्याच्या कागदावर उजव्या डोळ्याचा सिलिंडर (एकाच दिशेचा नंबर) उणे ०.७५, अक्ष (त्या दिशेचा कोन) ९०. सहा महिन्यांनी उणे १.५०, अक्ष ८५. आणि आताच्यावर उणे २.२५, अक्ष १००. स्फेरिकल, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा असणारा नंबर, तिन्हींत जवळपास शून्य. नुसते हे तीन कागद पाहिले तर कोणालाही वाटेल की तपासणाऱ्याचा हात स्थिर नाही. पण चौथा एक कागद तुम्ही पाठवलात, हॉस्पिटलच्या मशीनमधून निघालेली ती छोटी पट्टी. तुम्हाला ती बिनकामाची वाटली असेल, मला मात्र सगळं उत्तर तिच्यावरच सापडलं. त्यावर 'के' अक्षरापुढे दोन आकडे आहेत, ४३.५० आणि ४३.७५. हा तुमच्या उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाचा, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेचा बाक, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजलेला. दोन्हींत फरक फक्त पाव नंबरचा. म्हणजे तुमचा कॉर्निया जवळपास गोल आहे.

मग चष्म्यात सव्वादोनचा सिलिंडर आला कुठून?

डोळ्यात प्रकाश वाकवणाऱ्या वस्तू दोन. एक कॉर्निया, म्हणजे बुबुळावर असलेली पारदर्शक काच. तीच जी घड्याळाच्या काचेसारखी बाजूने फुगीर दिसते. दुसरी बाहुलीच्या मागे असलेलं भिंग. वाकवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो, उरलेलं भिंग. यातली कुठलीही एक वस्तू सगळ्या दिशांनी सारखी नसली की उभ्या रेघा एका ठिकाणी आणि आडव्या दुसऱ्या ठिकाणी उमटतात. यालाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात आणि चष्म्याच्या कागदावर तो 'सिलिंडर' म्हणून उतरतो. बहुतेक माणसांत, विशेषतः तरुणपणी, दोष कॉर्नियाचा असतो. म्हणून सिलिंडर म्हटलं की सगळे कॉर्नियाकडेच बोट दाखवतात. तुमच्या कॉर्नियाकडे पाव नंबर आहे. उरलेले दोन भिंगाचे.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुमच्याच अक्षरांत सांगते. लांबून येणाऱ्या एसटीची पाटी चष्म्याशिवाय एकट्या उजव्या डोळ्याने वाचून बघा. माझा अंदाज असा की शिरोरेषा ठळक दिसेल आणि काने, उभे दंड पुसट किंवा दुहेरी दिसतील. 'देवरुख' या शब्दाचं डोकं नीट दिसेल आणि पाय फिसकटलेले. तुमच्या सिलिंडरचा अक्ष ९० च्या आसपास आहे आणि स्फेरिकल नंबर जवळपास नाही, त्यावरून हा अंदाज. डोळा आडव्या दिशेने जास्त वाकवतो आहे, त्यामुळे उभ्या रेघा बिघडतात.

ही गोष्ट नवी नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये थॉमस यंग नावाच्या तरुण वैद्याला स्वतःच्याच डोळ्यात हा दोष सापडला. कॉर्नियाचा की भिंगाचा, हे ठरवायला त्याने जे केलं ते मला आजही थक्क करतं. पाण्याने भरलेली, पुढच्या टोकाला भिंग बसवलेली नळी त्याने उघड्या डोळ्याला चिकटवली. डोळा पाण्याला टेकला की कॉर्नियाची वाकवण्याची ताकद जवळपास संपते. पोहताना पाण्याखाली सगळं धूसर दिसतं ते याचमुळे. कॉर्निया असा बाद केला, तरी दोष होता तेवढाच राहिला. म्हणजे तो भिंगात होता. १८०१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे छापलं. आणि सिलिंडरची काच घालून चष्मा करायचं ठरलं ते त्यानंतर, जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी १८२५ मध्ये. म्हणजे भिंगाचा सिलिंडर आधी सापडला आणि चष्मा मागून आला. यंगने नळीने जे केलं, तेच तुमच्या दोन कागदांची वजाबाकी करते: चष्म्यातल्या सिलिंडरमधून कॉर्नियाचा वजा करा, उरतो तो आतला. काटेकोर हिशोबात दोघांचे अक्षही धरावे लागतात, पण तुमच्या कॉर्नियाचा वाटाच इतका लहान आहे की फार फरक पडत नाही.

भिंगात थोडासा सिलिंडर, अर्ध्या नंबराचा, बहुतेकांच्या असतोच. तरुण वयात कॉर्नियाचा सिलिंडर बऱ्याचदा त्याच्या उलट दिशेचा असतो, दोघं एकमेकांना झाकतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. वय वाढतं तसं हे बिनसतं. भिंग कांद्यासारखं असतं, पापुद्र्यावर पापुद्रा. नवे पापुद्रे जन्मभर बाहेरून चढत राहतात, जुने आत दाबले जातात. चाळिशीत ते ताठर होतं, तीच आपली 'चाळिशी लागणं'. पुढे गाभा घट्ट आणि पिवळा झाला तर उणे नंबर वाढतो. काहींचा वाचायचा चष्मा सुटतो आणि ते खूश होतात, 'म्हातारपणी नजर परत आली' म्हणून. तुमच्यात तसं झालेलं नाही, तुमचा स्फेरिकल नंबर जागच्या जागी आहे. तुमचा बिघाड गाभ्याच्या बाहेरच्या थरांत असावा.

हॉस्पिटलच्या कागदावर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात 'कॉर्टिकल', म्हणजे बाहेरच्या थरांतला, असं लिहिलंय. बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून (रेटिनावरून) परतणारा उजेड बघतात तेव्हा निरोगी डोळ्यात एक स्वच्छ नारिंगी गोळा दिसतो. या प्रकारच्या मोतीबिंदूत त्या नारिंगी गोळ्यावर कडेकडून आत येणारे काळे आरे दिसतात, सायकलच्या चाकाला असतात तसे. काही लांब, काही आखूड, आणि सहसा चारी बाजूंनी सारखे नाहीत. पुष्कळदा खालच्या, नाकाकडच्या कोपऱ्यात जास्त. मी हजारदा पाहिलंय आणि दर वेळी पेशंटला दाखवावंसं वाटतं. हे आरे म्हणजे तंतूंमध्ये शिरलेल्या पाण्याच्या फटी. फटीतून जाणारा उजेड आणि शेजारच्या धड भागातून जाणारा उजेड सारखे वाकत नाहीत. एका बाजूला आरे जास्त असले तर भिंगाला दिशेचा दोष येतो, तो तुमचा सिलिंडर. आणि आऱ्यांनी बाहुलीच्या मागची जागा दोन-तीन वाटण्यांत विभागली, तर प्रत्येक वाटणी आपापला चंद्र उमटवते. काळ्या आभाळात एकच ठळक दिवा असल्याने हे चंद्र बघताना सगळ्यात स्पष्ट कळतं. दुपारी कळत नाही, कारण उन्हात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि कडेचे आरे बुबुळाआड झाकले जातात. दिवेलागणीला बाहुली पसरते, आरे वाटेत येतात. तुम्ही 'दुपारी बरं, संध्याकाळी त्रास' लिहिलंत ते अगदी असंच घडतं.

आता त्या चष्मेवाल्याच्या वाक्याबद्दल. ते वाचून मला राग आला, आणि थोडी लाजही वाटली, कारण अशा वाक्याच्या जवळपास मीही एकदा गेले होते. सुरुवातीच्या वर्षांत एक शिंपीकाका यायचे. काजं करताना दोरा दुहेरी दिसतो म्हणायचे. मी कॉम्प्युटरवर तपासलं, काचा बदलून पाहिल्या, नंबर दिला. दोन महिन्यांत परत. पुन्हा नवा नंबर. तिसऱ्यांदा आले तेव्हा खोलीबाहेर गर्दी होती आणि मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "काका, हे बरं की ते बरं, एकच काय ते सांगा ना." ते म्हणाले, "दोन्ही सारखंच वाईट आहे हो." त्या दिवशी पहिल्यांदा मी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि ते आरे पाहिले. काका दर वेळी खरंच सांगत होते. काच बदलून सुटण्यासारखा प्रश्नच नव्हता. पहिल्या भेटीत करायचं ते मी तिसऱ्या भेटीत केलं, आणि मधले दोन चष्मे त्यांनी त्यांच्या शिलाईच्या पैशांतून केले. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या कोणाचाही सिलिंडर वर्षात पाऊण-एक नंबराने हलला, की मी चष्मा लिहून देण्याआधी बाहुली मोठी करते.

म्हणून सांगते, तुम्ही नीटच सांगत होतात. अशा भिंगाचा नंबर सकाळी एक, संध्याकाळी दुसरा येऊ शकतो. बाहुली केवढी आहे त्यावर तो ठरतो. मशीनही गोंधळतं. चष्मेवाल्यानेही मुद्दाम काही केलं नसेल, त्या त्या दिवशी निघाला तो नंबर त्याने दिला. पण दोष तुमच्या माथी मारायचा त्याला हक्क नव्हता. आणि तीनदा बदल झाल्यावर 'डॉक्टरांना दाखवा' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

जमीन कलते त्याचंही कारण आहे. सिलिंडरची काच एका दिशेने प्रतिमा किंचित लहान-मोठी करते. लहानपणापासून सवय असेल तर मेंदू सांभाळून घेतो. बासष्टाव्या वर्षी, एका डोळ्यात, १४ महिन्यांत पाऊणचा सव्वादोन केला तर त्याला जमत नाही. जिना तिरका दिसतो, पाय चुकतो. मला तुमच्या डोळ्यापेक्षा तुमच्या खुब्याची काळजी जास्त वाटते. तो तिसरा चष्मा घालून जिना उतरू नका. दुसरा, दीड नंबरचा, कपाटात असेल तो काढा. त्यात थोडं कमी दिसेल, पण जमीन जागेवर राहील.

साखरेचं एक वाक्य. साखर वर-खाली होत असेल तर भिंगात पाणी शिरतं-निघतं आणि नंबर आठवड्यागणिक बदलतो. अशा वेळी साखर स्थिर होऊन काही आठवडे जाईपर्यंत चष्मा करायचाच नाही. तुमचा आकडा ६.८ आहे आणि नंबर एकाच दिशेने, एकाच डोळ्यात जास्त वाढला आहे, त्यामुळे इथे मुख्य कारण साखर वाटत नाही. त्या डोळ्याला कधी मार लागला होता का, हे मात्र आठवून बघा: विटी, चेंडू, लाकूड फोडताना उडालेली ढलपी, कितीही जुनं असो. माराने भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतू तुटतात, भिंग कलंडतं आणि कललेलं भिंगही सिलिंडर देतं. तसं असेल तर ऑपरेशनची तयारी वेगळी लागते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं. एखाद्या उंच, लांबसडक बोटांच्या मुलामुलीत असं भिंग सरकलेलं दिसलं तर आम्ही हृदयाचीही तपासणी सांगतो, कारण मारफान नावाच्या आजारात दोन्ही एकत्र असतात. तो तुमचा विषय नाही, पण वाचणाऱ्यांत कोणाचा असू शकेल.

मुलाने सुचवलेलं लेझर. त्याचा हेतू चांगला आहे, त्याच्या मित्रांनी करून घेतलं असेल. पण ते लेझर कॉर्नियावर चालतं. तुमचा कॉर्निया गोल आहे, धड आहे. भिंगाचा दोष भरून काढायला त्या धड कॉर्नियाला उलटा दोष द्यायचा, असा त्याचा अर्थ होईल. उद्या मोतीबिंदू काढला की भिंगाचा दोष जाईल आणि कॉर्नियाला दिलेला तेवढा शिल्लक राहील. त्याला हे पत्र वाचून दाखवा, लगेच समजेल.

आणि हेच टोरिक लेन्सचं. इथे जरा थांबून बोलते, कारण मला तुमचे २५ हजार वाचवायचे आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तुमचं बिघडलेलं भिंग निघतं आणि त्या जागी कृत्रिम बसतं. जुन्या भिंगाबरोबर त्याचा सिलिंडरही डोळ्याबाहेर जातो. मागे राहतो फक्त कॉर्नियाचा. टोरिक लेन्स असते कॉर्नियाचा सिलिंडर मोडण्यासाठी. ज्याच्या कॉर्नियात एक-दीड नंबर आहे, त्याच्यासाठी ती उत्तम चीज आहे, मी स्वतः आनंदाने बसवते, आणि ती अगदी नेमक्या कोनात बसवावी लागते: १० अंश फिरली तर जवळपास एक तृतीयांश फायदा गेला, ३० अंश फिरली तर सगळाच. तुमच्या कॉर्नियात पाव नंबर आहे. त्यासाठी टोरिक लागत नाही. चष्म्यातला सव्वादोन पाहून त्या मापाची टोरिक बसवली, तर निघून गेलेल्या दोषाच्या जागी आपण नवा आणून ठेवू. तुमचं एस्टिमेट काउंटरवर चष्म्याचा कागद बघून निघालेलं दिसतं. ऑपरेशनपूर्वीच्या मोजणीनंतर डॉक्टरांनी बहुधा हेच सांगितलं असतं, त्यांच्याबद्दल मन कलुषित करून घेऊ नका. पण होकार देण्याआधी, पैसे भरण्याआधी, समोर बसून विचारा: "डॉक्टर, माझ्या कॉर्नियाचा सिलिंडर किती? चष्म्याचा नाही, कॉर्नियाचा." एवढं वाक्य पुरे.

ते मोजमाप दोनदा घ्यायला सांगा, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी, आणि डोळ्यात कुठलेही थेंब पडण्याआधी. साठीनंतर बायकांचे डोळे बऱ्याचदा कोरडे असतात आणि कोरड्या कॉर्नियावर 'के'चे आकडे इकडेतिकडे होतात. दोन्ही वेळा आकडे जुळले तर निर्धास्त व्हा. नाही जुळले, तर काही दिवस ओलाव्याचे थेंब घालून तिसऱ्यांदा मोजायचं. घाई कसली नाही.

उलटी गोष्टही होते, तीही सांगून ठेवते, कारण तुमच्या घरात अजून कोणाचं तरी ऑपरेशन पुढेमागे होईलच. काहींच्या चष्म्यात सिलिंडर अजिबात नसतो, पण कॉर्नियात दीडचा असतो. भिंगाने तो इतकी वर्षं झाकलेला असतो. मोतीबिंदू निघतो, पांघरूण जातं, आणि पेशंट म्हणतो, "ऑपरेशनने नवीनच नंबर लावला." ऑपरेशनने लावलेला नसतो. होताच, उघडा पडला. अशा माणसाला टोरिकचा खरा फायदा, आणि नेमकं त्यालाच कोणी विचारत नाही, कारण त्याच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडरची जागा कोरी असते.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, पण मध डोळ्यात नाही. मधाने, गुलाबपाण्याने, कांद्याच्या रसाने किंवा कुठल्याही कंपनीच्या बाटलीने मोतीबिंदू विरघळत नाही. कॉर्नियाला जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो, आणि मग तो गोल, धड कॉर्नियाही जायचा. आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेले, 'लाली जाते' म्हणून वापरलेले स्टिरॉइडचे थेंब तर बंदच. त्यांनी मोतीबिंदू वाढतो आणि काचबिंदूही जडतो.

'पिकू दे' हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलं असणार, आणि त्या काळात ते बरोबर होतं. डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी बसवली, पण आपल्याकडे तालुक्यापर्यंत ती यायला कित्येक दशकं गेली. तोवर भिंग काढून टाकायचं आणि वर दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा, एवढंच होतं. तो चष्मा आठवतो का? डोळे बशीएवढे दिसायचे, कडेने काही दिसायचं नाही, दाराची चौकट वाकायची. बऱ्यापैकी दिसत असताना असला चष्मा कोण ओढवून घेईल? म्हणून पूर्ण अंधार होईपर्यंत थांबायचे. आज तसं कारण नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू दगडासारखा होतो, फोडताना डोळ्याला जास्त त्रास, आणि कधी कधी फुगून डोळ्याचा दाब चढतो.

मग ऑपरेशन कधी? अडायला लागलं की. जिना उतरताना भीती वाटते, एसटीची पाटी वाचता येत नाही, चष्मा तीनदा बदलूनही भागत नाही: माझ्या मते तुमचं अडायला लागलं आहे. तरी आज-उद्या करा असं म्हणत नाही. पावसाळा काढून, घरची सोय बघून, चार-सहा महिन्यांत केलं तरी चालेल. त्याआधी डोळ्याचा दाब आणि पडदा नीट तपासून घ्या. तुम्हाला साखर आहे, त्यामुळे पडद्याची तपासणी टाळायचीच नाही. पडदा सुजलेला असेल तर आधी त्याचे उपचार. घरच्या घरी एक अंदाज घेता येईल. जुन्या लग्नपत्रिकेला सेफ्टीपिनने भोक पाडा, डावा डोळा झाका आणि उजव्याने त्या भोकातून दिनदर्शिका वाचा. अक्षरं बऱ्यापैकी उठून आली तर बिघाड उजेड वाकवण्याचा आहे आणि पडद्याची आशा चांगली. नाही उठली, तर पडद्याची तपासणी लवकर करा. सूर्याकडे मात्र भोकातूनही पाहू नका.

ऑपरेशनला जाताना सगळे जुने कागद न्या, सापडला तर निवृत्तीच्या वेळचाही. आधी सिलिंडर किती कमी होता आणि आता सव्वादोन झाला, हे डॉक्टरांना तुमच्या सांगण्याइतकंच त्या कागदांवरून कळतं. नंतर चार-सहा आठवड्यांनी नंबर बसेल. साध्या लेन्सवर जवळचं वाचायला चष्मा लागेल, तो कोणालाही लागतो, आणि छेदामुळे पाव-अर्धा सिलिंडर राहिला तर तो चष्म्यात सहज बसतो. डाव्या डोळ्याचा सिलिंडर उणे ०.७५ आहे, त्याला अजून काही करायचं नाही, वर्षाने बघू.

तोवर चौथा चष्मा कोणी कितीही आग्रह केला तरी करू नका. जिन्यात एक पांढरा दिवा लावून घ्या, पायऱ्यांच्या कडांना रंगाचा पट्टा ओढून घ्या, मुलगा गणपतीला येईल तेव्हा त्याच्याकडून करवून घ्या. आणि दुसऱ्यांदा 'के' मोजलात की ते दोन आकडे मला कळवा.